दोन दिवसांचं वाचन-लेखन प्रशिक्षण: जाऊन आले

15 वर्षं पहिलीला ग म भ न गिरवून घेतेय, त्यामुळे नाक मुरडतच गेले. पण शिकवणाऱ्या ताईंनी क, म, ल, न आणि काना, एवढंच दिलं. दहा मिनिटांत आम्ही कान, नाक, मका, कमान, कमाल असे वीसेक शब्द फळ्यावर जमवले!

सोमवारी लगेच वर्गात करून पाहिलं. एरवी गप्प बसणाऱ्या एकाने पाटीवर लिहिलं, 'मामा कामाला'. 'गेला' येईना, म्हणून पुढे सायकल काढली.

लेखनाचा भाग मात्र दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कोंबलेला. मुलांच्या चुका लगेच लाल पेनाने खोडू नका म्हणाले. मग दुरुस्त कधी करायच्या, विचारलं तर चहा आला. चहा झकास होता. सोबत मिळालेली अक्षरकार्डं चारच दिवसांत दुमडली, पुठ्ठ्याची घरीच करा.