पोर्तुगीज नागरिकत्वाच्या नावाखाली गेलेले ६,३८,००० रुपये

खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात ज्या घरांतल्या सुना घाट चढून गोव्यातून आल्या, त्या घरांना सध्या एकच आमिष दाखवले जात आहे. आईचा किंवा आजीचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात झालेला असेल, तर मुलाला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवून देतो, असे सांगत माणसे दारात येतात. या आमिषापायी आमच्या कुटुंबाचे ६,३८,००० रुपये गेले. जवळच्या नातेवाइकांनाही आम्ही हे अजून सांगितलेले नाही, कारण लग्नकार्यात चार लोकांत तोंड दाखवायला लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण तोच इसम आजही या भागात उजळ माथ्याने फिरतो आहे आणि नवी घरे शोधतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही काही बेकायदा मिळवायला गेलो नव्हतो. पोर्तुगीज राजवटीत गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना आपला जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवून तिथले नागरिकत्व मागता येते, ही तरतूद खरी आहे आणि गोव्यातल्या हजारो लोकांनी तिचा लाभ घेतलेला आहे. आमच्या आईचे माहेर सत्तरी तालुक्यातले, चोर्ला घाटाच्या पायथ्याचे केरी. तिचा जन्म १९५४ चा. म्हणजे हक्क होता, पुरावा होता, आणि म्हणूनच संशयाला जागा नव्हती. जे आम्हाला हावरट म्हणतील त्यांनी हे लक्षात घ्यावे.

माझा धाकटा भाऊ २०२२ साली कामासाठी लिस्बनला गेला आणि तिथल्या एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात राबू लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथले जुने परदेशी नागरिक खाते बंद होऊन नवी यंत्रणा आली, तेव्हा लाखो अर्ज तुंबलेले होते आणि त्याच्या निवास परवान्याचे नूतनीकरण त्यातच अडकले. रहिवासाच्या आधारे नागरिकत्व मागायचे, तर तेव्हाच्या नियमानुसार पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि पोर्तुगीज भाषेची परीक्षा आवश्यक होती. अशा वेळी आईच्या जन्माच्या आधारे जाणारा मार्ग कोणत्याही शहाण्या माणसाने निवडला असता.

हा इसम आमच्या भागातला, मराठी बोलणारा, गणेशोत्सवाच्या मंडळात पावती फाडणारा. त्याने आईला पहिल्या भेटीत ‘मावशी’ म्हटले आणि वाकून नमस्कार केला. त्याला विषयाची माहितीही पक्की होती. जन्माचा नेहमीचा संक्षिप्त दाखला चालत नाही, मूळ नोंदीची शब्दशः नक्कल लागते, जिला गोव्यात ‘तेओर’ म्हणतात, हे त्यानेच सांगितले. लग्नानंतर आपल्याकडे बाईचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, त्यामुळे माहेरची आणि सासरची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते, आधी आईची नोंद, मग तिच्या लग्नाची आणि शेवटी मुलाची, असा क्रमही त्याने नीट समजावून दिला. यातले काहीही खोटे नव्हते. खऱ्या माहितीच्या आधारे फसवणारा माणूस पहिल्या भेटीत ओळखावा, अशी अपेक्षा माझ्यासारख्या साध्या कारकुनाकडून कोणी करू नये.

रकमा लिहितो, म्हणजे दुसऱ्याकडे याच आकड्यांची मागणी झाली तर त्याला कळेल. फाइल उघडण्याचे ४५,००० रुपये. गोव्यातील दप्तरात नोंद शोधण्याचे १,२०,००० रुपये, तेही रोख. चार कागदांच्या ॲपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या शिक्क्याचे, प्रत्येकी ९,५०० प्रमाणे ३८,००० रुपये. परराष्ट्र मंत्रालयाची या शिक्क्याची फी कागदामागे पन्नास रुपये आहे आणि तिच्यावर सेवा देणाऱ्या संस्थेचे किरकोळ शुल्क लागते, हे मला नंतर समजले. लिस्बनच्या वकिलाचे म्हणून २,७५,००० रुपये त्याच्या खात्यावर पाठवले. त्यासाठी उसाचे बिल आले तसे त्याच्या हवाली केले आणि उरलेल्या रकमेसाठी आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या. शेवटी ‘तातडीचे शुल्क’ म्हणून १,६०,००० रुपये, पुन्हा रोख. रोखीने दिलेल्या २,८०,००० रुपयांची एकही पावती नाही. पावती मागितली तेव्हा ‘सर, गोव्यातले लोक पावतीवर काम करत नाहीत की,’ असे उत्तर मिळाले. रोख मागणाऱ्याला तिथेच नकार द्या.

आता तो क्षण, जो आठवला की आजही अंगाची आग होते. आईची नोंद झाली, असे सांगून त्याने एक छापील कागद आणला. वर पोर्तुगालचे राजचिन्ह, नोंदीचा क्रमांक, वर्ष, आईचे माहेरचे नाव, आजोबांचे नाव, जन्मतारीख, सगळे बरोबर. फक्त जन्मस्थानापुढे बार्देश लिहिलेले होते. आईने स्वतः बोट ठेवून विचारले, ‘अरे, मी सत्तरीची, हे बार्देश कुठून आले?’ तो क्षणभरही अडखळला नाही. सत्तरीची जुनी दप्तरे त्या काळी बार्देशातल्या म्हापशाला असत, म्हणून लिस्बनचा कारकून तसेच लिहितो, असे त्याने शांतपणे सांगितले. बार्देश हा पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीतला, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातला, तालुका आणि सत्तरी नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादीतला, दोघांचा कारभार वेगळा, हे त्या घटकेला कोणी माझ्या कानात सांगितले असते, तर शेवटचे १,६०,००० तरी वाचले असते. सत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या जन्मगावाबद्दल विचारलेला प्रश्न तिच्याच घरात बसून त्याने उडवून लावला. तिचा चहाचा कप हातात धरून. मी आईला म्हणालो, ‘त्यांना माहीत असतं, तू थांब.’ त्या घरात आम्ही पाच जण होतो, आईखेरीज एकाच्याही मनात शंका आली नाही, कारण बाकीचा प्रत्येक शब्द बरोबर होता. खोटा कागद करणाऱ्याने आमच्याच कागदांवरून तो भरला होता, तर तो बरोबर असणारच.

सत्य बाहेर आले ते भावामुळे. त्याने लिस्बनच्या नोंदणी कचेरीत २० युरो भरून त्या क्रमांकाचा दाखला मागितला, तेव्हा त्या क्रमांकाखाली आमच्या आईची नोंद नसल्याचे सांगण्यात आले. म्हणजे ६,३८,००० रुपयांचे काम २० युरोत तपासता येत होते. अर्ज खरोखर दाखल झाला असेल, तर त्याचा सांकेतिक क्रमांक मिळतो आणि पोर्तुगालच्या न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती स्वतः पाहता येते. तो क्रमांक मिळेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये. तुमच्या वतीने मी पाहतो, असे म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

त्या इसमाने भावाला दिलेला आणखी एक सल्ला पैशांच्या फसवणुकीहून भयंकर होता. दोन्ही पासपोर्ट ठेवा, कोणी विचारत नाही, असे तो सांगत असे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. आईची नोंद खरोखर झाली असती, तर खानापूरच्या मतदार यादीतल्या तिच्या नावाचे आणि तिच्या नावच्या जमिनीच्या उताऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न त्याने एकदाही उपस्थित केला नाही. ‘मावशींचं काहीच बदलत नाही’ एवढेच वाक्य. लंडनचे स्वप्न दाखवणाऱ्यांनाही विचारा की ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, १ जानेवारी २०२१ पासून, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे आपोआप राहता कसे येईल.

आता पोलिसांविषयी. शहरातल्या ज्या ठाण्यात आम्ही गेलो, तिथे मराठीत लिहिलेला अर्ज परत करण्यात आला आणि कन्नडमध्ये लिहून आणा, असे बजावण्यात आले. राज्यघटनेचे कलम ३५० गाऱ्हाणे मांडण्यासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देते, हे मी म्हणालो, तर तिथला अधिकारी हसला. कन्नड अर्ज नेला, तेव्हा ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. खोटा सरकारी दाखला करणे दिवाणी बाब कशी, याला उत्तर नाही. मग पैसे ज्या खात्यात गेले ते गोव्यातल्या शाखेचे निघाले, म्हणून घाटाखाली जा. घाटाखालच्या ठाण्याने व्यवहार बेळगावात झाला, म्हणून घाट चढायला लावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो. कायदा पुस्तकात आहे, ठाण्याच्या टेबलावर नाही. एक हवालदार आईच्या देखत म्हणाला, ‘देश सोडून जायला निघाला होता, आता पैसे गेल्यावर देश आठवला काय?’ जिने सारा संसार इथल्या मातीत केला, तिला हे ऐकावे लागले. पोर्तुगालच्या कचेरीने खासगी दलालांशी आपला संबंध नाही, एवढे दोन ओळींचे उत्तर पाठवले. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या दलालांना १९८३ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, पण नागरिकत्वाच्या नावावर दुकान थाटणारा त्या चाळणीतून सहज निसटतो आणि सरकारला त्याचे काही वाटत नाही.

ठाणे ऐकत नसेल तर तिथे खेटे घालू नका. अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा शहर असल्यास आयुक्तांना पाठवा, पोच ठेवा, आणि तिथेही दाद नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली तपासाचा आदेश मागा. आम्ही तोच मार्ग धरला आहे. पैसे बँकेतून नुकतेच गेले असतील, तर तासाभराच्या आत १९३० या क्रमांकावर फोन करा.

आईच्या जन्मनोंदीची मूळ नक्कल आणि लग्नाचा दाखला अजूनही त्याच्या ताब्यात आहेत. नक्कल गोव्याच्या नोंदणी कार्यालयातून पुन्हा काढता येते आणि ती आता मी स्वतः काढणार आहे. माझी भीती ही आहे की आईची कागदपत्रे वापरून तो दुसऱ्याच कोणाला तरी तिचा मुलगा दाखवील. याच पट्ट्यातल्या ज्या कुटुंबांनी आपली मूळ कागदपत्रे अशा माणसाकडे दिलेली आहेत, त्यांनी ती आजच लेखी मागावीत आणि मिळाली नाहीत तर आपली स्वतंत्र तक्रार द्यावी, कारण एकट्या आमच्या अर्जाला दिवाणी बाब म्हणून बाजूला सारणे पोलिसांना सोपे जाते.