टिळकवाडीतलं सायकलचं दुकान आणि रविवारचा दुरुस्तीचा वर्ग

बेळगावात गिअरची सायकल घ्यायची असेल, किंवा घरी धूळ खात पडलेली पुन्हा चालती करायची असेल, आणि त्यातून तुम्ही बाई असाल, तर टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या या दुकानात जा. पाटी लहान आहे, बोळाच्या तोंडाशी आहे, चटकन दिसत नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं की तो दाखवतो. मी शहापुरात राहते, एका सोसायटीत कॅशियर आहे. कामावर जायला स्कूटी आहे, सायकल ही निव्वळ हौस. हे आधीच सांगते, कारण माझी सायकल बघून लोक पहिलं विचारतात ते "वजन कमी करायला का?" असं. माझ्या भावाकडे पंचेचाळीस हजारांची सायकल आहे. त्याला हा प्रश्न कुणीही विचारलेला नाही.

दुकान म्हणजे एक शटर, आत लांबट खोली आणि मागे परसात पत्र्याची शेड. विकायच्या सायकली पुढे, दुरुस्ती मागे. मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्या हाताखाली एक कन्नड बोलणारा मिस्त्री आहे आणि मामांची सून आहे. सून गल्ल्यावर बसत नाही. ती चाकांचा बाक काढते. ट्रूइंग स्टँडवर, म्हणजे चाक अडकवून फिरवायच्या चौकटीवर, रीम फिरवत, डोळा बारीक करून, एकेक तार पाव आटा आवळायची आणि पाव आटा सैल करायची, हे काम शांत डोक्याचं आहे आणि तिच्या हाताला ते बसलंय. गावातली पुरुष मंडळीही चाक तिच्याकडेच द्या म्हणून सांगतात.

आता सीटबद्दल, कारण माझ्या मते या दुकानाची खरी किंमत तिथे कळते. सायकल सुरू करून महिन्याभरात सोडून देणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींनी सीटमुळे सोडली. कुणाला सांगायची सोय नसते. इथे सून तुम्हाला आतल्या खोलीत नेते, पडदा ओढते, स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवते आणि त्यावर पाय जरा उचलून बसायला सांगते. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात, बसायच्या हाडांचे. त्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर ती पट्टीने मोजते, त्यात थोडे मिलिमीटर धरते आणि तेवढ्या रुंदीची सीट काढते. बायकांची ही हाडं सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा लांब-लांब असतात, आणि वेगाच्या सायकलींवर कंपनीकडून येणारी सीट बहुधा अरुंद असते. म्हणजे दोष तुमच्या शरीराचा नाही, मापाचा आहे. मऊ जेलचं कव्हर घालून तो जात नाही, उलट लांबच्या राइडला जास्त टोचतं.

मग ती दुसरी गोष्ट सांगते. गादीची शॉर्ट्स घालायची तर आत काही घालायचं नाही, शिवणी घासतात. पाळीच्या दिवसांत काय करायचं, मांड्या सोलवटल्या तर काय लावायचं, सगळं ती सरळ सांगते. माझ्या भावाला यातलं त्याला हवं तेवढं कसं कळलं? दुकानाबाहेर चहा पीत उभं राहून. कुणी नवा दिसला की दोघेतिघे जमतात, टायरमध्ये हवा किती ठेव, उताराला कुठला ब्रेक आधी दाब, घाटात गिअर कधी टाक, हे आपोआप सुरू होतं. ते त्याला कुणी शिकवलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. तो तिथे उभा होता एवढंच. मी त्या घोळक्यात उभी राहिले तर बोलणं थांबतं आणि कुणीतरी विनयाने सरकून मला वाट करून देतं. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, चांगुलपणाच असतो. पण हौसेचं सगळं ज्ञान त्या घोळक्यात असतं, आणि बाई सायकल घेऊनही त्याच्या बाहेर राहते. सायकल असो, कॅमेरा असो, बुलेट असो की तलावावर गळ टाकून बसणं असो, पुरुषच पुरुष दिसतात त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

लोक म्हणतात, बायकांना याची आवडच नसते, जन्मजात. हे मला मुळीच पटत नाही, आणि आपल्या भागात राहून तर कुणीच ते म्हणू नये. इथून तीन-चार तासांवर विजापूर, बागलकोट आहे. कर्नाटकातले सायकलपटू म्हटले की याच दोन जिल्ह्यांची नावं पुढे येतात, आणि त्यात खेड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या मुली आहेत. तिथे क्रीडा वसतिगृह आहे, सायकल मिळते, शिकवणारा मिळतो, बरोबरीच्या मुली असतात. तिथली ऊन-माती मुलींना वेगळी आवड देते असं तर नसेल ना? आणि तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं उदाहरण बघा. 1991-92 मध्ये साक्षरता मोहिमेतून तिथल्या खेड्यापाड्यांतल्या लाखभर बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या, त्यांनी ते मोहिमेतच घातलं. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी दांड्याच्या जेंट्स सायकली घेतल्या, आणि त्याच बऱ्या म्हणाल्या, कारण दांड्यावर पोर बसवता येतं. पुरुष टोमणे मारत होते, त्या चालवत राहिल्या.

आपल्याकडेही 2006 नंतर सरकारी शाळांत आठवीच्या मुलामुलींना सायकली मिळू लागल्या. येळ्ळूर, धामणे, सुळग्याच्या रस्त्यावर सकाळी मुलींची रांग असायची. मग एसएसएलसी, म्हणजे दहावी, होते, कॉलेजला बस असते, लग्न होतं, स्कूटी येते. मुलाची सायकल सुटते ती पुढे चाळिशीत हौस म्हणून परत येते. मुलीची येत नाही.

का येत नाही, त्यात वेळेचा हिशेब आहेच. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला 289 मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष 88. दिवसाला तीन तासांच्या वर फरक. त्यात गावातल्या सायकल ग्रुपच्या राइड पहाटे साडेपाचला निघतात, म्हणजे नेमक्या डब्याच्या वेळेला. शहापुरात ज्या दिवशी नळाला पाणी यायचं असतं त्या दिवशी पहाटे घराबाहेर पडायचं ही कल्पनाच करू नका. माझ्या घरी मी आणि नवऱ्याने वाटून घेतलंय, रविवारी पाणी त्यांचं. सहज झालं नाही ते.

पण वेळ हे एकच कारण धरलं तर भजनी मंडळ, भिशी, हळदीकुंकू, शिवणाचे क्लास कसे भरतात? बायका वेळ काढतात. मला वाटतं, बाईच्या हौसेतून काहीतरी निघालं पाहिजे अशी अपेक्षा असते. भरतकामातून रुमाल, रांगोळीतून दार सजलं पाहिजे, पापडातून घराला चार महिने. पुरुष चाळीस हजारांची सायकल घेऊन राजहंसगडाला जाऊन येतो, घरी काहीही आणत नाही आणि कुणी हिशेब मागत नाही. बाईने तेच केलं की "कशाला?" येतं. म्हणूनच तो वजनाचा प्रश्न. मला वजन कमी करायचं नाही. मला येळ्ळूरपलीकडचा गडाचा चढ न उतरता चढायचा आहे, बस्स. शेवटच्या वळणावर मांड्या पेटतात, वर पोचल्यावर वारा असा अंगावर येतो की हसू फुटतं, त्यासाठीच जाते मी.

या दुकानाच्या आधी मी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात गेले होते. नवरा बरोबर होता. विक्रेत्याने मला बास्केटवाली, गुलाबी रंगाची दाखवली आणि गिअरबद्दल सगळं नवऱ्याशी बोलला. नवरा दोनदा म्हणाला, "सायकल यांना घ्यायचीय." तरी मान वळेना. मामांच्या दुकानात पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "कुठं जाणार तुम्ही? चोर्ल्याला की राकसकोपला?" घाटाचा, म्हणजे चोर्ल्याचा, विचार असेल तर मागचं मोठं चक्र किती दात्यांचं हवं ते समजावलं. मी पाच फुटांची आहे. त्यांनी स्मॉल फ्रेम मागवली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. हँडल पुढे वाटत होतं म्हणून स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, आखूड घातला, आणि ब्रेकच्या लिव्हरमधला बारीक स्क्रू फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणली. त्या स्क्रूबद्दल मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. लहान हाताच्या माणसाला उतारावर भीती वाटते त्यातली अर्धी भीती बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत म्हणून असते. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या बाईंनी 1985 मध्ये हेच धरून सायकली बनवायला घेतल्या होत्या. बुटक्या बायकांना हँडल जवळ यावं म्हणून पुढचं चाक त्यांनी लहान केलं. चाळीस वर्षं झाली त्याला, आणि आपल्याकडे दुकानात अजून मीडियम आणि लार्जच टांगलेल्या.

रविवारचा वर्ग अकराला सुरू होतो. बायकांसाठीच आहे, दीड-दोन तास, महिन्याला तीनशे रुपये. जुनी, बिनगिअरची सायकलही चालते. मामांचा एकच नियम: ते स्वतः हात लावत नाहीत. पहिल्यांदा मी मागचं चाक काढत होते, चेन अडकली, मी त्यांच्याकडे बघितलं. ते हात मागे बांधून म्हणाले, "अक्का, गाडी तुमची हाय, तुम्हीच काढा की." मिस्त्री पुढे आला तर त्यालाही थांबवलं. पंक्चर, चेन धुणं, ब्रेकची केबल ओढणं, 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या एल-की कुठे लागतात, चेन किती झिजली ते मोजायचं कसं, इतकं शिकवतात. पॉलिश पेपरने ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं, ओलं असताना पॅच चिकटवायचा नाही. सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. वडगावच्या एक काकी साडी खोचून येतात, त्यांच्या यजमानांच्या हातमागाचं सामान त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी पाना असा धरला की मामा बघत राहिले. बायकांना यंत्र कळत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा शहापूर-वडगावच्या मागांवर जाऊन यावं.

पंक्चर स्वतः काढता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. किणयेच्या पुढे जांबोटी रस्त्याला गाडी बसली तर भाऊ कुणाच्याही ट्रकला हात करतो. मी करणार नाही. मला स्वतःच्या हाताने वीस मिनिटांत चाक उभं करता आलं पाहिजे, तरच मी तिथवर एकटी जाते. ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं, माझ्या मनात आहे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे निघताना अंधार नाही तर पोचताना अंधार. पायांची काळजी नाही मला. वाटेत बाईला जायला धड संडास कुठे आहे, याची यादी मी आणि वर्गातल्या दोघी मिळून करतोय.

आता तक्रारी. पावसाळ्यात जूनपासून इथे दुरुस्तीला आठ-आठ दिवस लागतात, फोन केला तर "उद्या" म्हणतात. स्पष्ट सांगावं. लहान मापाची फ्रेम दुकानात उभी नसते, मागवावी लागते, आणि बसून बघितल्याशिवाय आगाऊ पैसे भरायला लागतात. मामा, एक तरी स्मॉल ठेवाच. रुंद सीटचे दोनच प्रकार आहेत. दुकानात संडास आहे पण शेडच्या मागे, दिवा नाही. आणि दर महिन्याच्या ग्रुप राइडला अजून पहाटेचीच वेळ आहे. वर्गातल्या बायकांनी दुपारी चारची मागितली, तर जुने मेंबर म्हणाले, उन्हाची कोण येणार. आम्ही येणार. नोव्हेंबर ते जानेवारी बेळगावात दुपारी चारला ऊन कसलं असतं? बायकांचा वर्ग वेगळा ठेवणं सुरुवातीला बरंच आहे, पण राइड एकत्रच हवी. घाट उतरायचा कसा ते चांगलं उतरणाऱ्याच्या मागे राहूनच कळतं, आणि सध्या चांगले उतरणारे सगळे पहाटे साडेपाचला निघून गेलेले असतात.

दर सांगते. जनरल सर्व्हिस साडेपाचशे, चाकाचा बाक काढायला शंभर, सीटचं माप सीट घेतली तर फुकट. पावती मागितली तर देतात. सोमवारी बंद. वर्गाला येताना जुने कपडे घाला, ओढणी आणू नका, चेनमध्ये जाते. मुलगी असेल तर तिलाही घेऊन या, दहा वर्षांपुढच्या मुलींचे पैसे घेत नाहीत.