मिरजेतला जीडीए कोर्स: हात तयार होतो, पण पेशंटच्या घरी गेल्यावर काय?

मिरजेत जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला, त्याचा हा रिव्ह्यू. संस्थेचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहिणारे. १८९४ ला डॉ. वॉनलेस यांनी इथं हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून गाव दवाखान्यांचंच झालंय, त्यामुळे असले क्लास पण भरपूर आणि "सहा महिन्यांत नर्स व्हा" असले बोर्ड पण भरपूर. तर आधी ते क्लिअर करते, जीडीए करून कोणी नर्स होत नाही. त्याला एएनएम नाहीतर जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स, एएनएमची दोन नाहीतर जीएनएमची तीन वर्षं आणि वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आपण सिस्टरच्या हाताखाली काम करायचं, इंजेक्शनला हात लावायचा नाही. आमच्या मॅडमनी हे पहिल्याच लेक्चरला तोंडावर सांगितलं, मला आवडलं.

प्रॅक्टिकल एक नंबर. व्हायटल्स म्हणजे नाडी, श्वास वगैरे नुसते पाठ नाही करून घेतले, एकमेकींचे मोजायला लावले. नाडी ६० ते १००, श्वास मिनिटाला १२ ते २०, हे कुठल्याही नोट्समध्ये मिळेल, पण श्वास मोजताना पेशंटला सांगायचंच नाही, मनगट धरून नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण सांगितलं की माणूस मुद्दाम वेगळाच श्वास घ्यायला लागतो, हे मॅडमनी शिकवलं. लकवा झालेल्या पेशंटला शर्ट घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला हात. लघवीची पिशवी कॉटवर ठेवायची नाही, मूत्राशयाच्या खालीच लटकवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि बदलताना टाचा, माकडहाड, डोक्याची मागची बाजू लाल झालीय का बघून सिस्टरना सांगायचं. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, एकदा झाला की भरून यायला फार वेळ लागतो.

वॉर्डातली भाषा पण बरी करून घेतली. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तरच. गोळ्या आपण द्यायच्या नसतात पण नातेवाईक सिस्टरना सोडून आपल्यालाच विचारतात ना. एनबीएम म्हणजे तोंडानं काहीच नाही असं लिहिलेल्या पेशंटला पाणीसुद्धा नाही, आणि खरं काम तिथं पेशंट सांभाळायचं नसतंच, डब्यातनं शिरा घेऊन आलेल्या आत्याला अडवायचं असतं!! कचऱ्याच्या पिशव्यांवर तर मॅडमनी डोकं खाल्लं, रक्ताचा कापूस पिवळ्यात, सलाईनचा सेट आणि ग्लोव्हज लालमध्ये, सुया पांढऱ्या जाड डब्यात, काच निळ्यात. तेव्हा कंटाळा आला, पण आता नोकरीत रोज तेच लागतं.

आता तक्रार. सगळं शिकवणं मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल डोळ्यासमोर ठेवून. ओपीडी, कॅज्युअल्टी, आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), सीएसएसडी (जिथं उपकरणं निर्जंतुक करतात), सगळं फिरवून दाखवलं. पण सरकारी बाजू? उपकेंद्र, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल हा क्रम अर्ध्या तासात उरकला. सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येला एक पीएचसी असतं, ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, कुठला पेशंट कुठनं कुठं पाठवतात, हे कळलं तर चिठ्ठी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाबांना आपण नीट खिडकीवर तरी पाठवू की.

आणि आमच्या बॅचच्या बऱ्याच जणी लागल्या कुठं, तर ब्युरोमार्फत, म्हणजे घरी कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे, लोकांच्या घरी. तिथं फाऊलर बेड, म्हणजे डोक्याची बाजू वर करता येणारी कॉट, नाही, उशा आणि पाट लावून पेशंट बसवायचा. हँडओव्हर घ्यायला सिस्टर नाही, सूनबाई असतात. आजींचं सगळं करून वर भांडी पण घासा म्हणतात, तेव्हा "हे माझ्या कामात बसत नाही" कसं बोलायचं ते कोणी शिकवलं नाही. रात्री आजींना धाप लागली तर आधी १०८ ला फोन का मुलाला, हे पण नाही. (आधी १०८. मुलगा पुण्यात असतो.) एवढ्या मोठ्या विषयाला एक लेक्चर!

कर्नाटकातनं किती पेशंट येतात मिरजेला, पण कन्नडची चार वाक्यं पण नाहीत.

फी हप्त्यात घेतात. सर्टिफिकेट उशिरा मिळालं, सारख्या चकरा मारल्या. प्लेसमेंट म्हणजे एक फोन नंबर हातात देतात, बास.

पाचपैकी साडेतीन. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, वॉर्डात प्रत्यक्ष किती आठवडे पाठवणार आणि कुठल्या हॉस्पिटलला. आमच्या बॅचला महिनाभर पाठवलं, शेजारच्या क्लासवाल्यांना नुसत्या पुतळ्यावर शिकवतात असं तिथल्याच मुली सांगत होत्या.