मिकासा व्ही२००डब्ल्यू : एनगापेतच्या बोटांखालचा चेंडू

तालुक्याच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी पोरांचा व्हॉलीबॉलचा सराव घेतो. दीड वर्ष हाच चेंडू वापरतोय, म्हणून लिहितो.

घेतला तो फ्रान्सचा खेळाडू एरविन एनगापेत याच्यामुळे. १० ऑगस्ट २०२४ ला फ्रान्सनं पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये पोलंडला ३-० हरवलं, ती मॅच आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिली. त्याआधी टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलला रशियन संघाविरुद्ध जिंकायला पाच सेट लागले होते. दोन्ही ऑलिम्पिकला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच नऊ नंबरचा गडी. इटलीत मोदेनाच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं ते उगीच नाही.

त्याची ताकद पाहून नव्हे, बोटं पाहून माणूस वेडा होतो. पूर्ण उडी, हात मागे खेचलेला, समोरचे ब्लॉकर हवेत... आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल. चेंडू ब्लॉकच्या मागे अलगद पडतो. आमच्याकडे असं प्लेसिंग म्हणजे स्मॅश जमत नाही त्याची पळवाट, असं समजतात. तो गैरसमज त्यानं माझ्या पोरांच्या डोक्यातून काढला.

हे जमायला चेंडू बोटाला धरावा लागतो, आणि इथं हा चेंडू पैसे वसूल करतो. अठरा तुकडे, वर बारीक खळगे. संत्र्याच्या सालीवरून बोट फिरवल्यासारखं लागतं. लिफ्टिंग करताना, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देताना, घामेजल्या हातातून सटकत नाही. अंडरहँडला मनगटावर चटका बसत नाही, त्यामुळे नवशिकी पोरंही सर्व्हिस घ्यायला पुढे येतात.

हवा मात्र जपून भरा. ०.३०० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा दाब सांगितलेला आहे, गेजशिवाय तो साधत नाही. अंगठ्यानं दाबून हवा भरायची आमची जुनी सवय इथं सोडावी लागली; चेंडू टणक झाला की ती मऊ प्लेसिंग गेलीच.

मातीच्या मैदानावर नेऊ नका. हा लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरचा चेंडू आहे, खडीवर साल निघणारच.

आणि स्वस्ताच्या मागे लागू नका. मी आधी एका विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत मागवला, तो नकली निघाला. गुळगुळीत होता, आणि पंधरा दिवसांत निळा रंग पोरांच्या बोटांना लागायला लागला. खळगे हाताला लागल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०१५ च्या युरोपियन फायनलचा शेवटचा पॉइंट त्यानं हवेत गिरकी घेऊन, जाळ्याकडे पाठ करून मारला होता. तेव्हा हे मॉडेल आलंही नव्हतं. आमचा लिफ्टर सराव संपल्यावर एकटा थांबून तीच गिरकी मारून बघतो. काल एक चेंडू जाळ्याच्या पलीकडे गेला.