फोनमधली जागा मोकळी करताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी माझ्या 64 जीबीच्या फोनमध्ये जेमतेम 900 एमबी जागा उरली होती. कॅमेरा उघडला की स्टोरेज भरल्याची सूचना येई, ॲप्स अपडेट होता होता अडकत आणि फोन एकूणच रखडत चाले. नवा फोन घेण्याआधी आहे त्यातच जागा करता येते का, हे पाहायचे मी ठरवले. त्यासाठी फोनच्या सेटिंग्ज, व्हॉट्सॲपमधली स्टोरेजची सोय आणि ‘फाइल्स बाय गूगल’ हे ॲप एवढीच साधने शेवटी हाताशी राहिली.

शेवटी म्हणायचे कारण असे, की सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली. एका टिचकीत फोन स्वच्छ करण्याचे आश्वासन देणारे एक ॲप मी आधी उतरवून घेतले. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, या जातीची ॲप्स पैशाला पासरी मिळतात. ते रोज दोन-तीन जीबी ‘कचरा’ काढल्याचे सांगे, पण सेटिंग्जमधला आकडा जागचा हलत नसे. साध्या ॲपला इतर ॲप्सची कॅशे, म्हणजे त्यांनी तात्पुरती साठवून ठेवलेली माहिती, परस्पर पुसण्याची मुभा 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासूनच राहिलेली नाही, हे मला नंतर कळले. कॅशे मी सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः पुसली तेव्हा जागा मिळाली खरी, पण ॲप पुन्हा वापरले की ते आपली तात्पुरती चित्रे पुन्हा साठवू लागते, त्यामुळे चार दिवसांत येरे माझ्या मागल्या. ते सफाईचे ॲप काढून टाकले तेव्हा त्याने अडवलेले दीडशे एमबी मात्र कायमचे मोकळे झाले.

खरी जागा व्हिडिओंनी अडवली होती. एका समारंभात मी चार मिनिटांचा 4के व्हिडिओ घेतला होता आणि त्याची मूळ फाइल 1.4 जीबीची होती. तो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा आकार कमी केलेली दुसरी प्रत व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये तयार झाली, कोणीतरी त्यातलाच तुकडा कापून घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा तिसरी आली, आणि या तिन्ही प्रती गॅलरीत वेगवेगळ्या जागी असल्यामुळे वर्षभर माझ्या लक्षातच आल्या नाहीत. मूळ व्हिडिओ संगणकावर उतरवून तिन्ही पुसल्या. तेव्हापासून कॅमेरा 1080पी वर ठेवला आहे. त्यात चित्रबिंदू 4केच्या एक चतुर्थांश असतात आणि फोनच्या पडद्यावर मला तरी फरक जाणवत नाही.

व्हॉट्सॲपच्या स्टोरेज विभागात 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढून दाखवल्या जातात. त्यातून पहिल्याच दिवशी 9 जीबी मिळाले. एकच फाइल दोन-तीन चॅट्समध्ये असेल, तर सगळीकडून काढल्याशिवाय जागा सुटत नाही, एवढे लक्षात ठेवावे लागते. याच उत्साहात मी कागदपत्रांचा अख्खा फोल्डर न पाहता पुसला आणि त्यात एक स्कॅन केलेला करारनामा गेला. चॅटमधला संदेश होता, पण फाइल पुन्हा उतरेना. पाठवणाऱ्याकडे ती मागताना जी शरम वाटली, तिच्यामुळे आता पीडीएफ मी एकेक उघडूनच काढतो.

व्हॉट्सॲपचा ‘डेटाबेसेस’ फोल्डरही पाहण्यासारखा आहे. चॅटचे गेल्या सात दिवसांपर्यंतचे बॅकअप तिथे साठतात आणि माझ्याकडे प्रत्येक फाइल सुमारे 300 एमबीची होती, म्हणजे दोन जीबी नुसते त्यातच. नावात तारीख नसलेली फाइल सर्वांत ताजी असते. तिला हात न लावता तारखेच्या फाइल्स काढता येतात. अर्थात आठवड्याभरात त्या पुन्हा साठतात, त्यामुळे हा उपाय अडीअडचणीपुरताच.

‘फाइल्स’ ॲपमधून काढलेल्या गोष्टी 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतात. ही सोय चांगली आहे, पण तोवर जागा अडलेलीच असते. चार जीबी पुसूनही आकडा तसाच पाहून मी फोन दोनदा बंद-चालू केला होता.

फोटो क्लाउडवर हलवण्याचा मार्ग मी फारसा वापरला नाही. गूगलच्या मोफत 15 जीबीमध्ये मेल आणि ड्राइव्हचाही वाटा असतो आणि 1 जून 2021 पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे इथली गर्दी तिथे जाते, इतकेच.

आज 17 जीबी जागा मोकळी आहे. एक काम मात्र कोणत्याही ॲपने सोपे केलेले नाही. हुबेहूब प्रती ॲप शोधून देते, पण जवळजवळ सारख्या फोटोंमधून निवड आपल्यालाच करावी लागते. मागच्या रविवारी झोपलेल्या भाच्याचे 14 फोटो घेऊन अर्धा तास बसलो. त्यांतले तीन पुसले. उरलेले 11 अजून फोनमध्येच आहेत.