रबाळे एमआयडीसीतला पावडर कोटिंगवाला, बाल्कनीच्या ग्रिलपासून गळाच्या शिशापर्यंत

पावडर कोटिंगवाले (म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर उडवून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करणारे) ठाण्यात वागळे इस्टेटला आहेत आणि इकडे नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यात तर ढिगाने आहेत, पण सगळ्यांना हवा असतो कंपनीचा माल. टेम्पोभर पॅनल, सगळे एकाच शेडचे. तुम्ही बाल्कनीच्या ग्रिलचे दोन तुकडे आणि पिशवीत गळाला लावायची थोडी शिशाची वजनं घेऊन दारात उभे राहिलात की "नंतर या" म्हणतात, आणि ते नंतर काही कधी येत नाही. रबाळेच्या आतल्या गल्लीतला हा गाळा त्यातला नाही म्हणून लिहितोय. नाव टाकू का विचारलं तर मालक म्हणाले नको हो, सुटे जॉबवाले रांग लावतील आणि कंपनीचा माल लटकेल. म्हणून नाव देत नाही, पण काम कसं बघायचं ते यातून कळेल, ते कुठेही उपयोगी पडेल.

आधी ग्रिलचं. आमच्याकडे खाडीचा वारा, त्यात चार महिने पाऊस, ऑइल पेंट मारलेलं लोखंड दुसऱ्या पावसाळ्यात फुगायला लागतं. इथे ग्रिल आधी टाक्यांतून काढतात, डीग्रीजिंग (तेलकटपणा काढणं), मग गंज काढायचं अ‍ॅसिड, मग फॉस्फेटिंग (पावडर नीट धरावी म्हणून फॉस्फेटचा पातळ थर), मधेमधे पाण्याने धुणं, हे सगळं डोळ्यासमोर केलं. बरेच जण स्वस्तात करतो सांगतात आणि नुसतं पॉलिश पेपर मारून वर पावडर उडवतात, दिसायला सेम टू सेम, वर्षभराने पापुद्रे. पावडर कुठली हे मात्र तुम्हीच विचारायचं. बाहेर उन्हात राहणार असेल तर प्युअर पॉलिएस्टर सांगा, इपॉक्सी घरातल्या वस्तूला ठीक आहे पण उन्हात काही दिवसांनी तिच्यावर खडूसारखी पांढरट भुकटी येते. मालकांनी हे न विचारता स्वतः सांगितलं, इथेच माझा अर्धा विश्वास बसला. मीटर लावून जाडी पण दाखवली, सत्तरच्या आसपास मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेल्डिंगच्या आतल्या कोपऱ्यात थर पातळ आलाय, पण तो जवळपास सगळीकडेच येतो, पावडरला वीज चढवून उडवतात ना, ती कडेला आणि बाहेरच्या अंगाला आधी चिकटते, आतल्या बेचक्यात शिरत नाही. पावडर उडवणाऱ्या गनवाल्याला सांगितलं तर तो व्होल्टेज कमी करून परत मारतो, पण सांगावं लागतं.

आता शिसं, ज्याच्यासाठी खरं मी गेलो होतो. आम्ही चार-पाच जण रविवारी खाडीवर गळ टाकायला जातो, जिताडा लागला तर लागला, नाहीतर शिंगाळा आहेच. सिंकर, म्हणजे गळाला लावायची ती शिशाची वजनं, घरीच ओततो. उघडं शिसं हाताळलं की बोटं काळी होतात, त्याच हाताने वडापाव खाणारे महाभाग आमच्यात आहेत, आणि शिसं पोटात जाणं ही काही चेष्टा नाही. साधा पेंट मारला तर दगडावर दोनदा आपटला की गेला. म्हणून पावडर.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो म्हणजे ओव्हनमध्ये शिसं वितळणार नाही का. नाही वितळत. शिसं वितळतं 327 डिग्रीला, पावडर बेक होते 180 ते 200 ला, मधे भरपूर जागा आहे. पण या माणसाने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला, "वरची कडी सोल्डर केलीय का ओतलीय?" कारण नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 183 लाच पाणी होतं, कडी ओव्हनमध्येच गळून पडणार. माझ्या कड्या पितळी तारेच्या आणि ओतकामातच बसवलेल्या होत्या म्हणून सुटलो. टाकीत मात्र त्यांनी शिसं घालायला साफ नकार दिला, कंपनीच्या मालाची टाकी खराब होईल म्हणाले, बरोबरच आहे. थिनरने पुसून, मग कोरडंच एकदा ओव्हनमध्ये गरम करून घेतलं, कारण ओतलेल्या धातूत हवा अडकलेली असते, ती कोटिंग पिकताना बाहेर आली की वर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

लटकवण्याचं काम तिथला एक पोरगा करत होता, ते बघण्यासारखं होतं. प्रत्येक हुकाचं टोक आधी कानशीने घासून चकचकीत करायचं, मगच सिंकर अडकवायचा. हुकावर जुन्या कोटिंगचे थर बसलेले असतात, त्यातून अर्थिंग मिळत नाही, आणि अर्थिंग नाही तर पावडर चिकटत नाही, नुसती खाली सांडते. दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) माझ्या बाईकच्या स्टँडला अर्धवट पातळ थर आला होता तो याच भानगडीमुळे असणार असं मला आता वाटतंय. इथे पोपटी रंगाचा धूर उडाला आणि सिंकर सगळ्या बाजूंनी एकसारखे मखमली झाले, फुंकर मारली तरी हलत नव्हते.

बेकिंगला पण डोकं लावलं. पत्र्याचं पॅनल पटकन तापतं, शिशाचा भरीव गोळा आतून तापायला वेळ घेतो, आणि पावडरचे मिनिटं मोजायचे ते धातू तापल्यापासून, ओव्हनचं दार लावल्यापासून नाही. म्हणून सिंकर पॅनलच्या बॅचमध्ये घातले तरी पॅनल निघाल्यावर ते आतच ठेवले. कच्चं राहिलेलं कोटिंग दिसायला मस्त असतं, पण हातोडी मारली की चटकन टवका उडतो. माझ्यातला एक सिंकर मालकांनीच फरशीवर ठेवून हातोडीने चपटा केला, शिसं पसरलं, पावडर त्याच्याबरोबर ताणली गेली, फक्त कडेला बारीक चीर. माल एक नग कमी झाला पण खात्री पटली.

हे शिशावर पावडर चढवणं तसं आपलं खूळ नाही. अमेरिकेत घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे लोक हेच करतात, विशेषतः सायलेन्सर लावणारे, कारण उघड्या शिशाचा आणि मेणाच्या वंगणाचा धूर आणि काजळी सायलेन्सरच्या आत साचत जाते आणि त्यातले बरेचसे प्रकार उघडून साफ करता येत नाहीत. पावडर चढली की वंगण लागत नाही आणि शिसं आत झाकलेलं राहतं. आपल्याकडे त्याचा विषय नाही, आर्म्स अ‍ॅक्ट आहे, पण आमच्या सिंकरची आयडिया तिथूनच उचललेली.

आता तक्रारी. रंग तुमच्या मर्जीचा नाही, त्या आठवड्यात जो शेड गनमध्ये चालू असेल तोच, मला नारंगी हवा होता, पोपटी मिळाला, वेगळा हवा तर अख्खी गन आणि बूथ (पावडर उडवायची खोली) साफ करायचे पैसे लावतात. तारीख विचारू नका, उद्या म्हणजे तीन-चार दिवस धरा, फोन उचलत नाहीत, आणि गाळ्यासमोर टेम्पोच उभे असतात त्यामुळे गाडी लांब लावा. बिल मागितलं तर देतात पण तोंड पडतं.

रेटचं मात्र खरं मानलं पाहिजे. पार्ट कोटिंगला बरेच जण किलोवर पैसे लावतात, शिशाला ते लावलं असतं तर मी लुटलोच होतो, मूठभर माल आणि वजन बघा. यांनी स्वतःहून नगावर लावलं, ग्रिलला स्क्वेअर फुटावर. खाडीत दगडांवर आपटून सिंकरचे कोपरे उघडे पडलेत, पण टवका तिथेच थांबतो, पुढे सोलत जात नाही. चार स्टार, एक कापला तो फोन न उचलण्याचा. जाणार असाल तर वस्तू सोबत घेऊन जा, फोटोवर रेट सांगत नाहीत, आणि दुपारी जेवणाच्या वेळेत जाऊ नका.