बार्बेक्यू घ्यायचाय? आधी झाकण बघा

आमचं नागावला घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. सुट्टीला येणारी मंडळी संध्याकाळी वाडीत बार्बेक्यू मागतातच. त्यामुळे पत्र्याचा, कोळशाचा गोल झाकणाचा, गॅसचा आणि विजेचा, असे सगळे प्रकार माझ्या हाताखालून गेलेत. निघताना बरेच जण विचारतात, "ताई, आम्ही कुठला घेऊ?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

घडीच्या पायांचा पातळ पत्र्याचा बार्बेक्यू सगळ्यात स्वस्त, गाडीच्या डिकीत मावतो. सीख कबाब, पनीर, मक्याची कणसं एवढ्यापुरता तो उत्तम. पण त्याला झाकण नाही आणि हवा कमी-जास्त करायची सोय नाही, म्हणून त्यावर चिकनची तंगडी वरून काळी होते आणि हाडाशी कच्ची राहते. शिवाय आमच्या खाऱ्या हवेत त्याचा तळ बघता बघता गंजून चाळणी होतो. समुद्राजवळ राहत असाल तर हे पैसे वाचवा.

कोळसा की गॅस यावर लोक तासभर वाद घालतात, झाकणाचं कुणी विचारत नाही. मी तरी आधी झाकण बघते. माझा रोजचा हात आहे तो वेबर कंपनीच्या 57 सेंटिमीटरच्या गोल केटलवर, म्हणजे झाकणाच्या कोळशाच्या बार्बेक्यूवर. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफननं 1952 साली बोयाचा (पाण्यावर तरंगत्या खुणेचा) धातूचा गोळा मधून कापून हा आकार काढला. खालचा अर्धा निखाऱ्यांना, वरचा अर्धा झाकणाला. किनाऱ्यावर संध्याकाळी वारा सुटला की त्या आकाराची किंमत कळते. उघड्या शेगडीची राख ताटात उडत असते, तेव्हा इथे आत सगळं शांत शिजत असतं.

याची खुबी हवेत आहे. खालची झडप उघडली की निखारे फुलतात, अर्धी लावली की मंदावतात. निखारे एका बाजूला लोटायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. तंगड्या रिकाम्या बाजूला मांडून झाकण घालायचं, अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही आणि शेवटी रंग यायला निखाऱ्यांवर सरकवायच्या. टोचून बघायचा थर्मामीटर हाडाजवळच्या मांसात 74 अंश दाखवतो तेव्हा चिकन झालं. माझ्या मते हे छोटं यंत्र बार्बेक्यूइतकंच गरजेचं आहे.

बांगड्याचं बघा. आगळ (कोकमाचा रस), हळद, मीठ, लसूण लावून ठेवलेला बांगडा जाळीवर टाकायच्या आधी जाळी कडकडीत तापू द्यायची आणि अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावरून फिरवायचा. मासा टाकला की ढवळाढवळ नको. साल भाजली की ती आपणहून जाळी सोडते, त्याआधी उलटायला गेलात की निम्मा मासा जाळीलाच राहतो. बांगडा तेलकट, तेल निखाऱ्यांवर गळतं आणि भडका उडतो. अशा वेळी पाणी मारू नका, झाकण लावा. हवा तुटली की ज्वाळ बसते. त्या गळलेल्या तेलाचा धूर परत माशाला लागतो, आणि भाजल्याची जी चव आपण कोळशाची म्हणतो ती बरीचशी याच धुराची असते.

म्हणूनच गॅसच्या बार्बेक्यूला मी नावं ठेवत नाही. बर्नरवरच्या तापलेल्या पट्ट्यांवर तेल पडून तिथेही धूर होतो, थोडा कमी. दहा-पंधरा मिनिटांत जाळी तयार, आच हातात, राख काढायची कटकट नाही. आठवड्यातून दोन-तीनदा भाजणाऱ्या घराला तो जास्त सोयीचा. किंमत मात्र चांगलीच चढते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, तेव्हा सिलिंडर मोकळ्या जागी ठेवा आणि सांध्यांना दर वेळी साबणाचा फेस लावून बघा.

विजेचा घ्यावा तो सोसायटीतल्या लोकांनी. गॅलरीत कोळसा पेटवणं शेजाऱ्यांना त्रासाचं आणि जिवालाही धोक्याचं. बंद जागेत जळत्या कोळशाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. दोन हजार वॉटच्या ग्रिलला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, हे घेण्याआधी घरात बघून घ्या. पनीर, कोळंबी छान होते. भरताचं वांगं मात्र त्यावर भाजू नये. जळगावकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात ते वांगं खाल्लेल्या माणसाला विजेवरचं वांगं पटायचं नाही.

थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला, आणि भोवती जाळ. ती चव यातला कुठलाच बार्बेक्यू देत नाही, आणि ती मागूही नये.

कोळसा करवंटीचा मिळाला तर तोच घ्या, आच बराच वेळ टिकते. पेटवायला रॉकेल अजिबात नको, त्याचा वास अन्नाला लागतो. पत्र्याच्या नळकांड्यात कोळसा भरून खाली कागद पेटवा, पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखेची पांढरी साय धरते, मग ओता. वापर झाला की राख पूर्ण निवल्यावर काढून टाका, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. आत राहिलेली राख ओल धरते आणि चांगल्या मुलाम्याचं भांडंही जिथे टवका उडालाय तिथून खायला लागते.